इथीच फुटू दे

चाचांच्या हातात पार्सल दिलं की ते आधी जमिनीवर टाकायचे. रागाने नाही आणि चुकूनही नाही. दोन्ही हातांनी कमरेपर्यंत उचलायचे, 'बिस्मिल्ला' म्हणायचे आणि हात सोडून द्यायचे. आत लोणच्याची बरणी असो की देवाची तसबीर, धप्प आवाज व्हायचा आणि आणणारा माणूस गारठून जायचा. चाचा वाकून पार्सलला कान लावायचे. "इथीच फुटू दे," ते म्हणायचे. "इथी फुटलं तं डोळ्यासमोर फुटलं. नागपुरात फुटलं तं कोणाले सांगशील?"

गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोर त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. कापूस पिंजण्याचा धंदा बापजाद्यांपासूनचा. नव्वदच्या दशकात चंद्रपूरच्या एका कुरिअरवाल्याला तालुक्यात माणूस हवा होता, म्हणून त्याने चाचांच्या दुकानावर आपली पाटी ठोकली. पाटीखाली कापसाचा ढीग, ढिगामागे चाचा. दाढीत, भुवयांत, कानांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. आम्ही शाळेतली मुलं त्यांना फार म्हातारे समजायचो. एकदा ते नळावर तोंड धुताना दिसले, तेव्हा कळलं की त्यांची दाढी काळीच आहे.

आपटलेलं पार्सल फुटलं नाही तरी चाचा ते तसं घेत नसत. सुतळी सोडायची, खोका उघडायचा, सगळीकडून कापूस ठासायचा, वरून मांजरपाट गुंडाळायचं आणि गादीच्या लांब सुईने शिवायचं. नावपत्ता कापडावरच, पक्क्या शाईने. एका बाईंनी पुण्याच्या मुलासाठी तुपाची काचेची बरणी आणली होती. आपटल्यावर खोक्याखालून तूप वाहू लागलं आणि बाई रडकुंडीला आल्या. चाचांनी निवांत त्यांना घरी पाठवून झाकणाचा डबा मागवला. तोवर मागे रांग लागली. कोणी कुरकुरलं की म्हणायचे, "घाई हाय तं तूच घेऊन जा ना भाऊ पुण्याले." स्वतःच्या टाक्याचा त्यांना फार गर्व होता. आपला टाका आपण आंधळे झालो तरी हाताने ओळखू, असं ते कोणालाही ऐकवायचे.

आलेलं पार्सल देण्याची त्यांची रीत आणखी कडक होती. आमच्याकडे गावाकडे निघालेल्या कोणाच्याही हाती काहीही पाठवायची पद्धत आहे. दूधवाला, बाजारकरी, लग्नाला चाललेला पाहुणा, कोणीही चालतो. 'आण, मी देतो' म्हणायला कोणी मागेपुढे पाहत नाही. मग तो वाटेतल्या गावी दुसऱ्याकडे देतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि भाऊबीजेची साडी कोणाच्या तरी कणगीमागे संक्रांतीपर्यंत पडून राहते. चाचा नावाच्या माणसाखेरीज कोणाला पार्सल देत नसत, नवऱ्याचं बायकोलाही नाही. लोक दुखावले जायचे. "भरोसा सगळ्यांवरच हाय," चाचा म्हणायचे. "म्हणूनच तं सामान हरवते." आणि पार्सल सायकलला बांधून स्वतः गावोगाव निघायचे.

माझा धाकटा भाऊ विलास याचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. लोखंडी पट्ट्यांचा, चामडी पट्ट्यांनी बांधायचा कॅलिपर घालून तो चालायचा. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा मोडला. तो दुरुस्त होणार नागपुरात, आणि नागपुरात मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चाचांनी कॅलिपर आपटला नाही, कारण तो आधीच मोडलेला होता, पण इतका कापूस ठासला की होस्टेलवर पोचला तेव्हा मैत्रिणींना वाटलं, आईने उशी पाठवली. मी तो दुरुस्त करून घेतला. माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या, म्हणून चाचांच्याच कापसात आणि कापडात घालून कुरिअरने परत पाठवला. जुना पत्ता आत जावा म्हणून मी कापड उलटं करून शिवलं होतं. कुरिअरच्या माणसाने वर कागदी पत्ता डकवला.

कॅलिपर घरी पोचलाच नाही.

चंद्रपूरहून तालुक्याची पार्सलं एसटीने यायची. थैली कंडक्टरच्या हाती आणि थैलीत न मावणारं सामान ड्रायव्हरच्या बाजूला. थैली चाचांना मिळाली, बाजूचं सामान मिळालं नाही. चंद्रपूरच्या ऑफिसचं म्हणणं, आमच्याकडून निघालं. इकडे परीक्षा जवळ येत होती. बाबा म्हणाले, पाठीवर बसवून केंद्रावर नेतो. विलास आईला म्हणाला, "बाबाच्या पाठीवर बसून मी पेपरले जाणार नाई. लहान असतो तं गेलो असतो." आईने मला फोनवर हे सांगितलं. विलास एकदा बोलला की फिरायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

चाचांनी दुकान बायकोवर सोडलं. गाडी पुढे जिथे जिथे जाते तिथे, आष्टीला गेले, आलापल्लीला गेले, अहेरीच्या स्टँडवर हमालांची सामानाची खोली उपसून आले. तिथून परतले की आपल्या स्टँडवर उभे राहून येणारी प्रत्येक गाडी आत चढून शोधायचे, सीटखाली हात घालायचे. लोक थट्टा करू लागले, "चाचा, आता तिकीटच फाडा ना गा." चाचा उतरून पुढच्या गाडीची वाट पाहायचे.

माझी परीक्षा संपली आणि मी चंद्रपूरहून अहेरीच्या गाडीत बसले. जागा मिळाली ती थेट ड्रायव्हरच्या मागे. गोंडपिपरीला गाडी थांबली तशी चाचा नेहमीसारखे चढले. मला पाहिलं आणि मान खाली घातली. ड्रायव्हर, एक पोक्त गृहस्थ, एरवी जागेवरून हलत नसत. त्या दिवशी रेडिएटरमध्ये पाणी घालायला उतरले होते. त्यांच्या रिकाम्या सीटला पाठीच्या जागी एक मळका, तेलकट लोड टेकवलेला होता. चाचांनी चालता चालता त्याच्यावरून हात फिरवला, तो हात तिथेच थांबला. कापडाच्या एका कडेला त्यांचा जुना टाका तसाच होता.

ड्रायव्हर परत आले आणि ओशाळून सांगू लागले. दुसऱ्या ड्रायव्हरकडून गाडी हाती आली तेव्हा बेवारस सापडलं होतं, चिठ्ठी निघून गेली होती, उशीच वाटली, सगळ्यांना विचारलं, मालक भेटला नाही. "मधी कडक, वरून नरम. पाठीले असा आराम डाक्टरनं बी नाई देला, चाचा."

"पोराचा पाय हाय त्याच्यात," चाचा म्हणाले. "तू पोराच्या पायाले टेकून गाडी चालवून राह्यला."

ड्रायव्हरने तो लोड काढला, आणि एखाद्याला आपला पाय लागला की आपण करतो तसं त्याला हात लावून हात कपाळाला नेला. मग दिला.

मी म्हटलं, चाचा, मी घरीच चालले, द्या माझ्याजवळ. ते म्हणाले, "तुह्यं नाव हाय काय याच्यावर?" त्याच्यावर तर कोणाचंच नाव नव्हतं. पण चाचा पार्सल मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. आमच्या गावच्या फाट्यावर ड्रायव्हरने स्वतः उतरून त्यांना हात दिला.

विलास अंगणात खाटेवर बसला होता. चाचांनी टाके उसवले, कापूस बाजूला केला आणि कॅलिपर त्याच्या हातात दिला. विलासच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तो चाचांचाच विद्यार्थी. म्हणाला, "चाचा, आपटून नाई पाह्यलं?"

"आता तू चालून पाह्य, बेटा."

तो विहिरीपर्यंत चालत गेला आणि परत आला. चाचा खाली मान घालून त्या पायाचा आवाज ऐकत होते, पार्सलला कान लावून ऐकायचे तसेच. माझ्या आयुष्यात मला शिकवणारी मोठी माणसं पुष्कळ आली. त्या अंगणात चाचा मला जेवढे उंच वाटले, तेवढं नंतर कोणी वाटलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हरसाठी नवा लोड शिवला, मधे चिंचेची फळी घालून. विलास पायी पेपरला गेला.

पुढे मोटरसायकलवर पोरं फिरवणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या. चाचांच्या दुकानावरची पाटी उतरली. हात थरथरू लागले तेव्हा ते भद्रावतीला मुलीकडे राहायला गेले. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी तिथे गेले होते. पेढ्यांचा खोका पाहून म्हणाले, "असाच आणला? कापूस नाई?" त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. निरोप आमच्यापर्यंत पोचेतो माती झालेली होती.

विलास आता चंद्रपूरला नोकरी करतो. मी त्याच्याकडे असताना त्याचा नवा कॅलिपर आला. चकचकीत खोका, वर प्लास्टिक. कुरिअरच्या मुलाने सहीसाठी कागद पुढे केला. विलासने भिंतीला टेकून खोका दोन्ही हातांनी कमरेपर्यंत उचलला, ओठांतल्या ओठांत 'बिस्मिल्ला' म्हणाला आणि हात सोडून दिले.

"साहेब, काय करून राह्यले?" तो मुलगा घाबरून मागे सरला.

विलास खाली वाकला आणि खोक्याला कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने सही केली.