ऑफबाई

"पूस रे ते," सुपरवायझर म्हणाले.

पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. माझ्याकडे न बघता त्यानं डस्टर उचललं आणि मी फळ्यावर लिहिलेलं समीकरण पुसायला लागला. मी खडू धरून उभी. नववी अ. भरलेला वर्ग. कुणी हसलं नाही. हसली असती पोरं तर बरं झालं असतं. सगळी बघत होती.

"बाई, तुम्हाला वर्ग सांभाळायला पाठवलंय. शिकवायला नाही." आवाज चढवला नाही त्यांनी. कधीच चढवत नसत. "खुर्चीवर बसा. मुलं आपापलं वाचतील."

मी बसले. घंटा होईपर्यंत बसून राहिले.

नाशिकमधली जुनी, नावाजलेली शाळा. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. राखीव जागा भरा म्हणून संस्थेमागे वरून तगादा होता, म्हणून मला घेतलं. मी बी.एस्सी., बी.एड. गणित माझा विषय. पण मला माझा म्हणून एकही वर्ग दिला नाही. "सध्या ऑफ तास बघा," म्हणाले. ते 'सध्या' वर्षभर चाललं. रोज कुणी ना कुणी शिक्षक रजेवर. कुणाला ताप, कुणाच्या घरी श्राद्ध. शिपाई येऊन सांगायचा, बाई, तिसरा तास सातवी ड. की मी निघायची. चित्रकला, भूगोल, शिवण, ज्याचा तास मोकळा पडेल तिथं मी. पोरं मला ऑफबाई म्हणायची. तोंडावर.

क आणि ड तुकडीवर मी वाटेल ते शिकवायची. तिकडं कुणी फिरकतच नसे. अ तुकडीवर मात्र मला धाडत नसत. त्या दिवशी एका सरांच्या मुलीचं लग्न होतं, अर्धी स्टाफरूम लग्नाला गेलेली. दुसरं कुणी उरलंच नाही, म्हणून मी.

त्या वर्गात आमच्या वस्तीतली एक मुलगी होती. अ तुकडीत आमच्यातली ती एकटीच. शेवटच्या बाकावर बसायची. समीकरण मांडल्यावर मी तिलाच हाक मारली होती, ये, पुढची पायरी तू सोडव. ती उठणार, तेवढ्यात सुपरवायझर दारात.

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टाकीजवळ तिनं मला गाठलं. आधी इकडंतिकडं बघून घेतलं.

"बाई, तुम्ही परत आमच्या वर्गावर येऊ नका."

"का गं?"

"तुम्ही मला घरच्या नावानं हाक मारली. मग मुलींनी विचारलं, त्या बाई तुझ्या कोण? तोवर त्यांना माझं माहीत नव्हतं." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आता डबा खायला मला कुणी बोलवत नाही."

आणि पळाली. तोंडही न धुता.

ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागं आहे. भाजी निवडताना येतं. बसमध्ये येतं. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी असले की पाठीमागून कुणीतरी म्हणतं, बाई, येऊ नका. मी वळून बघते. कुणी नसतं. पोरं लिहीत असतात.

माझे वडील निफाडकडचे. सातपूरच्या कारखान्यात हेल्पर. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. पहिली पाळी करून आले, चहा घेत होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला शाळंच्या भायेर बसवलं. तू आत गेली, बाई झाली. तरीबी तुला नुसतं बसायलाच लावता व्हय?"

कप तसाच ठेवून उठले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. तोवर मला वाटायचं, आपण कमी पडतो. अजून चांगलं शिकवलं पाहिजे, अजून नीट बोललं पाहिजे. मग कळलं, कितीही चांगलं शिकवलं तरी पुसणारच. त्यांना माझं शिकवणंच नको होतं.

दिवाळीनंतर गणिताच्या सरांचं ऑपरेशन ठरलं. लांबची रजा. मला वाटलं, आता तरी. सुपरवायझरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलावलं. शेजारी एक तरुण उभा. संस्थेच्या सचिवांचा भाचा. बी.ए. झालेला, इतिहास घेऊन.

"नववी अ चं गणित हे घेतील," सुपरवायझर म्हणाले. "उदाहरणं तेवढी तुम्ही आदल्या दिवशी सोडवून द्यायची. ते फळ्यावर उतरवतील."

"आणि मी?"

"तुम्हाला ऑफ तास आहेतच की. हे बघा बाई, अ तुकडीचे पालक चौकशा करतात. कोण शिकवतं, कुठून आलंय. शाळेला सगळं बघावं लागतं."

मी म्हणाले, "नाही सर."

"नाही म्हणजे?"

"उदाहरणं सोडवून देणार नाही. वर्ग द्या, शिकवते. आणि आजपासून ज्या वर्गात शिकवायचं नाही, त्या वर्गात मी बसणार नाही."

एका बाईंनी विणकाम खाली ठेवलं, पुन्हा उचललं. माझ्या बाजूनं कुणी एक शब्द काढला नाही.

"तुमचं अजून कायम व्हायचंय," सुपरवायझर हळू आवाजात म्हणाले. "भल्याचं सांगतोय."

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

मला कायम केलं नाही. 'काम समाधानकारक नाही' असा शेरा मारून काढलं. मी तक्रार केली. तारखांना गेले. शिक्षण खात्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर दिवस काढले. निकाल लागेपर्यंत दादा थकले. ती नोकरी परत मिळालीच नाही. पुढं जिल्हा परिषदेत लागले, पेठच्या डोंगराळ भागात. ती मुलगी दहावीला शाळेत नव्हती एवढंच कळलं. तिचं घर बंद होतं. कुठं गेले, वस्तीत कुणी सांगू शकलं नाही.

बऱ्याच वर्षांनी स्टँडवर पेठच्या गाडीची वाट बघत उभी होते. सुपरवायझर समोर आले. निवृत्त झालेले, हातात पिशवी. ओळखलं त्यांनी.

"बाई, तेव्हा माझाही नाइलाज होता. झालं गेलं विसरून जा."

गाडी लागली होती. लोक आत घुसत होते. मी थांबले.

"नाही विसरणार," मी म्हणाले. "तुम्हाला माफही करणार नाही. आणि जिथं शिकवेन तिथं पोरांना हे सांगणार आहे. तुमच्या शाळेच्या नावासकट."

ते काहीतरी बोलायला गेले. मी ऐकायला थांबले नाही.