शेरीफची शिट्टी

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमच्या इमारतीत मुलांचे वाढदिवस एकाच साच्यातले असायचे. केक, वेफर्स, सरबत, संगीत खुर्ची, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक पेन्सिल. आमच्या मुलीला मात्र नववा वाढदिवस काऊबॉयचा हवा होता. गल्लीच्या तोंडाशी एक जण पुस्तकं भाड्यानं द्यायचा. त्याच्याकडची कॉमिक्स वाचून तिच्या डोक्यात घोडे, हॅट आणि दरोडेखोर शिरले होते. वाचायला तिला वेळच वेळ होता. बाकीची पोरं खाली धावायची तेव्हा ती बहुतेक वेळा खिडकीत असायची.

"शेरीफ मीच," तिनं सांगून टाकलं. "बाकी सगळे दरोडेखोर. खेळ तू ठरव, पण काऊबॉयचेच हवेत हां."

सासूबाई मालवणकडच्या. काऊबॉय म्हणजे कोण हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ढोरां राखणारोच मा? तेका टोपी कित्या?" एरवी मी खळखळून हसले असते. पण "खेळ तू ठरव" हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. ऑपरेशन करायचं होतं, पण नंबर लागायचा होता, आणि तोवर पळापळ नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धावली की तिचे ओठ आणि नखं निळी पडायची. मग ती मिळेल तिथं उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घट्ट घेऊन, आणि हळूहळू श्वास जागेवर यायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "ही मुलं आपसूक अशी बसतात," डॉक्टर म्हणाले होते. "बसली तर बसू द्या. बसली नाही तर मात्र घाबरा." मी दोन्ही वेळा घाबरायची.

हे घरच्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगा असता तर सासूबाईंनी देवळात, बाजारात, सगळीकडे सांगून प्रत्येकाकडून उपाय गोळा केले असते. पण ही मुलगी. "लोकांका कळला तर उद्या हिका कोण पदरात घेतलो?" त्या म्हणायच्या. माझं डोकं फिरायचं. पोर धड दहा वर्षांची होईल की नाही याचा माझ्या जिवाला घोर आणि यांना तिच्या लग्नाची पडलेली! नवऱ्याकडे बघावं तर तो भांडुपच्या कारखान्यातून थकून आलेला, पेपरात डोकं घालून बसायचा. आणि खरं सांगायचं तर सासूबाईंचं म्हणणं मला खोडताही येत नव्हतं. आमच्या नात्यातल्याच एका मुलीचं जमलेलं लग्न फिट येते म्हणून मोडलेलं मी पाहिलं होतं. म्हणून विचारणाऱ्याला आम्ही "रक्त कमी आहे" एवढंच सांगायचो, आणि तिच्या नखांना मी कायम गडद नेलपेंट लावायची. एकदा ऐन डिसेंबरात शेजारच्या वहिनींनी तिला विचारलं, "जांभळं खाल्लीस की काय गं?" ती खुदकन हसली आणि आत पळाली.  मुलगी आपलं ऐकते, बाहेर एक अक्षर बोलत नाही, याचं मला तेव्हा फार बरं वाटायचं.

तर मला असे खेळ हवे होते की ज्यात कुणीच धावणार नाही, आणि का धावायचं नाही हे कुणाला कळणारही नाही. दुपारी घरात कुणी नसलं की मी एकेक खेळ स्वतः खेळून बघायची. खुर्च्या मांडून त्यांच्याभोवती फिरायची आणि मग छातीवर हात ठेवून ठोके बघायची. माझेच इतके पडताहेत तर तिचे किती पडतील? संगीत खुर्ची बाद. लिंबू-चमचा बाद, कारण शेवटी सगळे पळतातच. दोरीचा फास टाकून घोडा पकडायचा खेळ तिनंच सुचवला होता. तो ऐकताक्षणीच बाद. एकदा सासूबाई भाजी घेऊन अचानक परतल्या तेव्हा मी एकटीच खुर्च्यांभोवती फेऱ्या मारत होते. त्या दारात थबकल्या. "काय करतंस गो?" मी सांगितलं. त्या पिशवी ठेवून खुर्च्या उचलू लागल्या.

शेवटी खेळ सुचला तो तिच्या त्या बसण्यावरूनच. शेरीफ घोड्यावर बसणार. घोडा म्हणजे आमची जुनी ट्रंक आणि तिच्यावर लोड. दरोडेखोर खाली धावणार. शेरीफनं शिट्टी मारली की सगळ्यांनी असतील तिथं झटकन उकिडवं बसायचं, शेवटी बसेल तो तुरुंगात. आणि समजा तिला राहवलं नाही, ती घोड्यावरून उतरलीच, तरी दम लागला की शिट्टी मारायची, सगळ्यांबरोबर आपणही बसायचं, हे मी तिला पढवून ठेवलं. अख्खं अंगण बसलेलं असताना तिच्याकडे कोण बघणार? मला माझंच कौतुक वाटलं. नवऱ्यानं स्टेशनबाहेरून पत्र्याची शिट्टी आणली. तिनं ती घरात अशी काही फुंकली की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. कित्येक दिवसांनी त्या रात्री मला शांत झोप लागली.

वाढदिवसाला अंगणात इमारतीतली झाडून सगळी पोरं जमली. पुठ्ठ्याच्या हॅट, गळ्यात रुमाल. बायका भिंतीकडेला खुर्च्या टाकून बसल्या होत्या. नवरा सरबत वाटत होता. पहिले दोन-तीन डाव झकास झाले. शिट्टी वाजायची, पोरं धपाधप बसायची, बायका हसायच्या. मग पहिल्या मजल्यावरचा एक दांडगा मुलगा ओरडला, "ए, शेरीफ काय नुसता बसून राहतो काय? पकड ना यार!"

ती उतरली. मी हात वर केला, पण "नको" म्हणायला कारण काय देणार होते? ती धावत सुटली. मी तिला तसं धावताना कधीच पाहिलं नव्हतं. हॅट मागे उडालेली, चेहऱ्यावर नुसता आनंद. एका पोराला तिनं पकडलंही. मग ती अंगणाच्या मध्यावर थांबली आणि तिनं शिट्टी तोंडात धरली.

शिट्टी वाजली नाही.

मला आधी कळेचना. तिचे गाल फुगत होते, मान पुढे येत होती, आणि शिट्टीतून नुसती फुस्स हवा. फुंकायला तिच्या छातीत दमच उरला नव्हता. पोरं आपली धावतच होती, कारण शिट्टी झालीच नव्हती. आणि ती बसत नव्हती. एकटीच बसली असती तर सगळ्यांनी पाहिलं असतं. ती तशीच उभी, हेलकावे खात पुन्हा पुन्हा फुंकत होती, आणि ओठ शाईसारखे होत चालले होते. पुढे तिचं ऑपरेशन झालं, ती त्यातून नीट उठली, हे आज मला माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच कळत होतं की डॉक्टरांनी सांगितलेली घाबरायची वेळ ती हीच. तरी मी उभीच. 

ओरडल्या त्या सासूबाई. "थांबा रे पोरांनू! बस गो बाय, खाली बस!" त्या अनवाणी धावल्या, तिला खांद्यांना धरून खाली बसवलं आणि स्वतःही तिच्याशेजारी मातीत बसल्या. कुणीतरी विचारलं, "काय झालं, काय झालं?" सासूबाईंनी मागेपुढे काही पाहिलं नाही. "हिच्या काळजाक भोक आसा," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "धावडवू नकात रे तिका!"

 मी जाऊन तिची पाठ चोळू लागले. बोटांखाली एकेक श्वास लागत होता. बऱ्याच वेळानं ओठांवर रंग आला. मला वाटलं, आता ती माझ्या गळ्यात पडेल. ती आजीकडे वळली. इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"कशाला सांगितलंस? मी कध्धी कुणाला सांगितलं नव्हतं. आता मला कोण घेणार खेळायला?"

 मी तिला उचलायला वाकले, तर तिनं माझे हात झटकले. ती उठली आणि पोरांमधून वाट काढत एकटीच जिन्याकडे निघाली. पोरं बाजूला सरकली, तिला धक्का लागू नये म्हणून जरा जास्तच सरकली. पहिल्या पायरीशी पोचल्यावर ती पुन्हा उकिडवी बसली, आमच्या सगळ्यांकडे पाठ करून. तिच्याजवळ कुणीच गेलं नाही.