पितळबाईंची घंटा

माझी आत्या भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती विज्ञानाच्या संग्रहालयात जुनी उपकरणं दुरुस्त करते. दुर्बिणी, तराजू, होकायंत्रं, कुण्या विस्मृतीत गेलेल्या प्राध्यापकाची प्रयोगाची साधनं, सगळं तिच्या टेबलावर येतं आणि लखलखीत होऊन जातं. तिथे तिला सगळे पितळबाई म्हणतात. हल्ली तिचे दोन्ही कान कामातून गेलेत. कानात यंत्र घालून पाहिलं, पण त्यात सगळं जग पत्र्याच्या छपराखाली बोलतंय असं वाटतं म्हणून तिने ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. आता ती लोकांचे ओठ वाचते, आणि नको ते हटकून वाचते.

संग्रहालयाचं नवं दालन उघडणार होतं. त्यातल्या एका जुन्या हवा-पंपावर आत्याचा फार जीव. पितळी तबकडीवर काचेचा घुमट, घुमटात चावीची घंटा, आणि शेजारी हवा उपसणारी दोन नळकांडी. दांडा मारून हवा काढली की घंटेवर हातोडी आपटताना दिसते, आवाज मात्र येत नाही. उद्घाटनाला हा प्रयोग आत्यानेच करून दाखवायचा, असं संग्रहपाल बाईंनी ठरवलं. त्यावर संग्रहालयाच्या समितीतले एक गृहस्थ शेजाऱ्याकडे वळून पुटपुटले, "ऐकायचा प्रयोग, आणि तोही ऐकू न येणाऱ्या बाईंकडे?" आत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने ते अक्षरन् अक्षर वाचलं.

"आता ती घंटा गप्प बसल्याशिवाय मी गप्प बसायची नाही," असं तिने घरी येऊन जाहीर केलं. मग माझ्याकडे वळली. "तू माझे कान. सुट्टीच्या दिवशी चल."

मी तिचा टक्कल पडलेला भाचा, पण तिच्यापुढे आमचं काय चालणार! गेलो. ती दांडा हापसत होती आणि मी घुमटापाशी कान देऊन उभा. घंटेचा आवाज बारीक झाला, पण थांबेना.

"येतोय?"

"येतोय."

तिने नळकांड्यांतले चामड्याचे वायसर बदलले. घुमटाच्या काठाला ग्रीस थापलं. पुन्हा हापसलं.

"येतोय?"

"येतोय, आत्या."

ती माझ्यावर अशी डाफरली, जणू मीच आत बसून घंटा बडवतोय. दाबमापकातला पारा तर सांगत होता की हवा जवळजवळ गेलीय. संग्रहपाल बाई मनाने फार चांगल्या. त्या तिच्यासमोर बसून हळूच म्हणाल्या, "नाहीच जमलं तर पंप कपाटात ठेवू. नुसता बघायला."

आत्या भांडली नाही. ती नुसती टेबलावर दोन्ही तळवे टेकून घुमटात अजून आपटणाऱ्या हातोडीकडे बघत बसली. खूप वाईट वाटलं मला.

आणि एकदम ओरडली, "अरे, मला ऐकू येतंय!"

बाई दचकल्या. आत्याने माझा हात ओढून टेबलावर दाबला. आधी काहीच कळेना, मग तळव्याला अगदी बारीक गुदगुल्या झाल्या. घंटेचे टोले पितळी तबकडीतून टेबलात उतरत होते आणि तिथून बाहेर पडत होते. हवेचा काही संबंधच नव्हता!

आत्याने कपाळावर हात मारला. "घंटेखाली लोकरीचा जाड तुकडा होता. कळकट, कसर लागलेला. मीच काढून फेकला! तबकडी घासायच्या नादात." आणि खो खो हसत सुटली. "पितळबाईंचं पितळ उघडं पडलं बघा!"

हसता हसता तिने माझ्या गळ्यातला नवा मफलर ओढला, कात्रीने कापला आणि त्याची जाड गादी करून घंटेखाली सरकवली. मला विचारण्याची पद्धत आमच्या घरात नाही. पुन्हा हापसलं, आणि या वेळी मी नुसती मान हलवली. नाही!

उद्घाटनाला दालन खच्चून भरलं होतं. ते गृहस्थ पहिल्या रांगेत. आत्याने घंटेला चावी दिली, घुमट बसवला आणि दांड्याला भिडली. तिचं लक्ष घुमटाकडे नव्हतंच, ती समोरचे चेहरे बघत होती. आवाज बारीक होत गेला तशी माणसं पुढे झुकली. मग कुणी श्वास धरला, कुणी शेजाऱ्याचा हात. गृहस्थांनी कानामागे तळवा नेला. हातोडी आपटतच होती, आणि दालनात चिडीचूप.

आत्याने दांडा सोडला, पदराने घाम टिपला आणि सगळ्यांना मोठ्याने विचारलं, "काय, कसं वाटतंय माझ्या कानांनी ऐकायला?"

सगळ्यात आधी ते गृहस्थ हसले आणि टाळ्या वाजवत उभे राहिले. मग अख्खं दालन उठलं. आत्याने तोटी फिरवली, हवा आत शिरली, घंटा पुन्हा खणखणू लागली असणार. टाळ्यांमध्ये ती कुणालाच ऐकू आली नाही.