काठवटीतली त्रेचाळीस नावं

गुरुवारी सकाळी मालवीनेने काठवटीवरचं फडकं काढलं, तेव्हा पीठ छान फुगून आलं होतं. रात्री भिजवलेलं काळ्या पावाचं पीठ, वर बुडबुडे धरलेलं. त्याचा आंबूस वास घरभर पसरला की एरवी तिला बरं वाटायचं. आज नाही वाटलं. परवा रात्री राजधानी रीगामध्ये संसद बंद झाली, लष्करी कायदा आला, राज्यघटना बासनात गुंडाळली गेली. काल रेडिओवर तिने हे ऐकलं होतं.

"तू चेहरा पाडून बसलीस म्हणून काय संसद उघडणार आहे?" खिडकीपाशी बूट शिवत बसलेला तिचा नवरा इंद्रिकिस म्हणाला. "पाव भाज आधी. उपाशी पोटी मला हुकूमशाही सोसायची नाही."

"तुला चेष्टा सुचते. ते सह्यांचे कागद अजून मतपेटीत आहेत."

"मग काढ की."

तेवढ्यात दार वाजलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गावातलं माणूस दार वाजवत नसे. अंगणातूनच हाक देत, पायांतली माती झटकत ते सरळ चुलीपाशी येई. दार वाजवायचं ते सरकारी माणसाने.

"आलो, आलो!" इंद्रिकिस मोठ्याने म्हणाला आणि वेळ काढायला मुद्दाम टेकायची काठी शोधू लागला. काठी त्याच्या गुडघ्याशीच होती.

मालवीनेने कपाटावरची मतपेटी उतरवली, गळ्यातल्या किल्लीने उघडली, आतली मेणकापडाची पुडी काढली आणि पेटी पुन्हा होती तिथे ठेवली. पुडी कुठे लपवायची? गादी, घड्याळ, कोळशाची बादली. सगळीकडे बघतात ते. तिचा हात आपोआप काठवटीत गेला. कोपरापर्यंत पीठ लागलं, पुडी तळाला टेकली. तिने वरून मूठभर पीठ भुरभुरलं, पृष्ठभाग सारखा केला आणि तळहाताच्या कडेने त्यावर क्रूस काढला.

ही पेटी तिच्याकडे कशी आली, तेही सांगायला हवं. मालवीनेचा जन्म जहागीरदाराच्या वाड्यामागच्या गडीमाणसांच्या चाळीतला. तिचा बाप मालकाच्या रिकाम्या घोडागाडीलासुद्धा टोपी काढायचा. महायुद्धात ही माणसं रशियात परागंदा झाली, परत आली तेव्हा जहागीर मोडली होती आणि देश आपला झाला होता. एकोणीसशे बावीस साली घटना झाली. शाळामास्तरांनी ती सभेत वाचून दाखवली. सत्ता लोकांची, बाईलाही पुरुषाइतकंच मत, हे ऐकून मालवीनेने उठून विचारलं होतं, "हे बदलता येत नाही ना कुणाला?" लोक हसले होते. पुढे निवडणूक समितीवर कोण, हा प्रश्न आला, तेव्हा मास्तर म्हणाले, ज्यांना काळजी वाटते त्यांनाच घ्या. तेव्हापासून चार निवडणुका झाल्या. पेटी इंद्रिकिसने केली, किल्ली तिच्या गळ्यात राहिली.

या हिवाळ्यात घटना बदलायची भाषा सुरू झाली, तेव्हा 'घटनेला हात लावू नका' असा अर्ज तिनेच लिहिला. घरोघर फिरली. पण सही अशी सहज घेत नसे. आधी चिकोरीची कॉफी, मग माणसाने अर्ज स्वतः मोठ्याने वाचायचा, मग सही. सत्तर वर्षांच्या एका विधवेने जन्मात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं ते याच कागदावर. त्रेचाळीस नावं झाली. अर्ज रीगाला पाठवायचा राहून गेला. आणि आता तीच नावं म्हणजे त्रेचाळीस घरांवर धाड. शेजारच्या गावातल्या दोघांना कालच उचलल्याचं कानावर आलं होतं.

दारातून दोन माणसं आत आली. एक रीगाहून आलेला अधिकारी, चकचकीत बुटांचा. दुसरा गावातलाच झानिस, दंडाला रक्षकदलाची पट्टी, खांद्याला बंदूक. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला मालवीनेनेच हातांवर धरलं होतं. तो तिला मावशी म्हणायचा.

"मतपेटी ताब्यात द्यायची आहे," अधिकारी म्हणाला. "आणि सह्यांचे कागद."

"पेटी ती बघा कपाटावर," मालवीने म्हणाली. "कागद कसले?"

"सगळं गाव सांगतंय, बाई."

"गाव तर माझा नवरा देखणा आहे असंही सांगत होतं. त्यावर विश्वास ठेवून बघा काय झालं माझं."

झानिसला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडपलं. अधिकाऱ्याने पेटी उघडून घेतली. रिकामी. मग गाद्या उलटल्या, घड्याळाची पाठ उघडली, इंद्रिकिसच्या चामड्याच्या तुकड्यांचा ढीग बुटाने पांगवला.

"साहेब, त्यात डावे-उजवे वेगळे लावले होते," इंद्रिकिस कुरकुरला. "आता गाव लंगडत चालेल."

अधिकारी काठवटीपाशी थांबला.

"यात काय?"

"पीठ, साहेब," झानिस म्हणाला. तो काठवटीकडे बघत होता, मग त्याने मालवीनेच्या हातांकडे पाहिलं. तिने हात एप्रनखाली घेतले, पण उशीर झाला होता. "क्रूस काढलेल्या पिठाला परक्याने हात लावायचा नसतो. पाव बसतो. तुम्ही हात घातलात तर या गावात कुणी तुम्हाला पाण्याचा घोट देणार नाही. आणि आपल्याला अजून अकरा घरं करायची आहेत."

अधिकाऱ्याने नाक मुरडलं, पेटी झानिसच्या हातात दिली आणि अंगणात गाडीकडे गेला.

झानिस मागे रेंगाळला. आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, हल्ली एका हाताने पीठ मळतेस?"

तिने हात बाहेर काढले. उजवा कोपरापर्यंत माखलेला, डावा कोरडा.

"न मळलेल्या पिठावर क्रूस काढलास. तो बघ, मिटायलासुद्धा लागला. माझी आई शनिवारी दोन्ही मुठींनी तास तास मळते, तेव्हा कुठे क्रूस धरतो. तो रीगाचा म्हणून सुटलीस. उद्या गावातलाच कुणी आला तर?"

"तू सांगणार आहेस का?"

पेटी त्याने या काखेतून त्या काखेत घेतली. "आईचं नाव आहे त्यात?"

"आहे. सतरावं."

"सही करताना काही म्हणाली?"

"म्हणाली, झानिसला सांगू नकोस, उगीच भांडेल."

झानिसने खाली मान घातली. बाहेरून अधिकाऱ्याची हाक आली. "जाळून टाक, मावशी. आत्ता. चूल पेटव आणि घाल आत. शनिवारपासून पुन्हा झडती आहे, माझ्याकडच्या यादीत तुझं घर पहिलं आहे."

"नाही जाळणार," मालवीने म्हणाली. तिने काठवटीचा काठ धरला. "ती नावं माझी नाहीत, मी कशी जाळू? ज्याने त्याने वाचून, विचार करून लिहिलीत. ज्याची त्याला परत द्यायची. मग जाळू दे नाहीतर जपू दे, त्याचं तो बघेल."

"त्रेचाळीस घरं फिरणार? या दिवसांत?"

"रविवारी पेंटेकॉस्टचा सण. सगळे चर्चमध्ये येतील, बर्चच्या फांद्या घेऊन. एकेका नावाची पट्टी कापून ज्याच्या त्याच्या हातात ठेवीन."

"झानिस!" पुन्हा हाक आली.

तो दाराशी गेला, वळला. "मग माझ्याकडून काय हवंय तुला?"

"माझं घर यादीत पहिलं आहे ना, ते शेवटचं कर. रविवारची प्रार्थना संपेपर्यंत इथे येऊ नका."