पोरीनं दाखवलेली वाट

आज बेलापूरच्या ऑफिसात डबा उघडला आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास टेबलभर पसरला. शेजारी नवी आलेली ऋता प्रोग्राममधल्या एका एररपाशी अडली होती. तिनं आम्ही वापरतो त्या कंपायलरचं मॅन्युअल उघडलं, 'हेही पाहा'च्या लिंकवर क्लिक केलं आणि म्हणाली, "सापडलं." ती लिंक माझ्या ओळखीची होती.

तेव्हा मी कॉलेजात होते. गावातल्या आमच्या गच्चीत दोरीवर बोंबील वाळत होते आणि मी टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. याच मॅन्युअलमध्ये कुणीही दुरुस्त्या सुचवू शकतं. तेव्हा त्याची प्रकरणं नव्यानं लावली होती, पण लिंका जुन्याच जागी नेत होत्या. माझ्या दुरुस्त्या दोनदा परत आल्या होत्या, कारण एक लिंक सुधारताना मी दुसरी मोडत होते. त्या दुपारी मात्र मेल आला, दुरुस्त्या स्वीकारल्याचा.

"काय झाला गो?" वाळलेले बोंबील काढता काढता आईनं विचारलं.

"जगभरचे लोक वाचतात त्या पुस्तकात, पुढचं कुठं बघायचं ते चुकीचं दिलं होतं. मी नीट केलं."

आई कठड्याशी गेली आणि खालच्या काकीला ओरडून म्हणाली, "दुनियेची मानसा आता माजे पोरीनं दाखवलेले वाटेनं जातान."

मला अगदी लाज वाटली. "आई, उगाच वाढवून नको सांगू," मी म्हटलं.

ऋता एव्हाना पुढच्या कामाला लागली होती. मी बोंबलाचा तुकडा तोडला. आईनं काहीच वाढवून सांगितलं नव्हतं.