किती उशीर झाला की काळजी करायची

आधीच सांगून टाकतो, बेटावर आम्हाला काहीही झालं नाही. मी, बायको आणि आमची चौदा वर्षांची मुलगी, तिघंही धडधाकट अमेरिकेतल्या आमच्या घरी, बेलव्ह्यूला परत आलो. माझ्या पायाला शिंपल्यानं थोडं खरचटलं होतं, पण माझ्या औषधांच्या पेटीतून योग्य ती पट्टी सापडेपर्यंत ते बरंही झालं. मला सांगायचंय ते जाण्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल, ज्या काळात मी घरातल्यांना जीव नकोसा केला होता.

बेट मुलीनं निवडलं. शाळेत तिनं प्रवाळांवर प्रोजेक्ट केला होता आणि ते मरायच्या आत एकदा डोळ्यांनी बघायचे असा तिचा हट्ट होता. हवाईला सगळेच जातात, म्हणून हवाई नको. तिनं लॅपटॉपवर पॅसिफिक महासागर उघडून बेट दाखवलं तेव्हा मला तो स्क्रीनवरचा धुळीचा कण वाटला आणि मी तो पुसायला गेलो. तिथं पोचायला तीन विमानं, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि शेवटी अर्धा दिवस होडी. बेटावर एक नर्स आहे, डॉक्टर नाही. मोबाइलला रेंज नाही. शहाण्या माणसानं बेट बदललं असतं. मी स्प्रेडशीट उघडली.

यात माझा दोष निम्माच आहे. ऑफिसात मी प्रोग्राम मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामात काय काय बिघडू शकेल याची यादी करायची आणि प्रत्येक ओळीला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग द्यायचा. या विद्येचं एक सर्टिफिकेटही आहे माझ्याकडे, फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. एरवी मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवण्याआधी हवामान बघणारा माणूस. धोका नेहमी दुसऱ्याच्या कॉलममध्ये पाहिलेला. आता पहिल्यांदाच एक धोका माझ्या नावावर आला होता आणि, खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

पहिला टॅब आरोग्याचा. प्रवासाच्या लसी देणाऱ्या क्लिनिकमध्ये महिना-दीड महिना आधी जायचं असतं. मी तीन महिने आधी गेलो. डेंग्यू टाळायची गोळी नसते, डास चावू न देणं हाच उपाय, असं तिथल्या बाईंनी सांगितल्यावर मी घरी येऊन सगळ्यांचे लांब बाह्यांचे कपडे बाजूला काढून ठेवले. मग इन्शुरन्स. त्यातलं बारीक अक्षर वाचताना कळलं की आजारी माणसाला उचलून नेतात ते जवळच्या योग्य हॉस्पिटलपर्यंत, घरापर्यंत नव्हे. मग समुद्र. प्रवाहाच्या ओढीत सापडलात तर त्याच्याशी झुंजत बसू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. मग खाणं. प्रवाळांच्या आसपासच्या मोठ्या माशांत कधी कधी असं विष असतं की ते शिजवूनही जात नाही. बायको शाकाहारी आहे. तिनं हा टॅब न उघडताच पास केला. शिवाय विमान हवामानामुळे अडकलं तर पुरतील इतकी जास्तीची औषधं आणि कागदपत्रांच्या प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाकडे एक.

एका शनिवारी मी त्सुनामीचा सरावही घेतला. जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र एकाएकी मागे हटला तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं, असं सगळ्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. मी सोफ्यावर उभा राहून समुद्र हटल्याचं जाहीर केलं. बायको भाजी चिरत होती, ती काही हटली नाही. मुलीनं एका कानातला इअरबड काढून विचारलं, बेटावरची सगळ्यात उंच जागा कुठली. मी ते शोधलंच नव्हतं. शोधलं तेव्हा ती आमच्या घरामागच्या डेकपेक्षा फार उंच निघाली नाही. "सो द प्लॅन इज अ ट्री," असं म्हणून तिनं इअरबड परत कानात घातला. शेवटी मी बेटावरच्या शाळेच्या इमारतीचा वरचा मजला लिहिला आणि त्या ओळीला लाल रंग दिला.

अडलो ते सातव्या टॅबवर. असल्या दुर्गम जागी जाणाऱ्यांसाठीची कुठलीही पुस्तिका घ्या, सरकारी असो की होडीवाल्यांची, एक गोष्ट तिच्यात ठळक अक्षरात असते. तुमच्याबरोबर न येणाऱ्या एका माणसाला तुमचा सगळा कार्यक्रम द्या. तुम्ही निरोप कधी पाठवणार, तो आला नाही तर त्यानं किती वेळ थांबायचं आणि मग कुणाला फोन करायचा, हे त्याच्याशी आधी ठरवा. निरोप पाठवायला मी सॅटेलाइटवर चालणारं, हातात मावणारं एक यंत्र घेतलं होतं. यंत्र उत्तम होतं, पण पलीकडे माणूस नव्हता.

पहिलं नाव ऑफिसातल्या मित्राचं होतं. त्याला चाचणीचा निरोप पाठवला तो स्पॅममध्ये जाऊन पडला, आणि आठ दिवसांनी कॉफीच्या मशीनपाशी त्यानं मला विचारलं की माझं अकाउंट हॅक झालंय का. दुसरं नाव दुसऱ्या राज्यात, प्लेनोला राहणाऱ्या मेहुण्याचं. मी लिहिलं होतं, "ही चाचणी आहे. समज आम्ही बेपत्ता आहोत. तू काय करशील?" दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, नुसता अंगठा. तिसरं नाव आठवेना. बेलव्ह्यूत बारा वर्षं काढली, गणपतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढिगानं माणसं, आणि मी परतलो नाही हे ज्याच्या लक्षात येईल असा एक नंबर सापडेना. मला राग आला. तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे मी टॅबचा रंग बदलत बसलो.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. "अण्णांना विचार ना, यार."

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते फलटणला एका फ्लॅटमध्ये एकटे राहतात. आणि अण्णांना प्रवासाचं आधी सांगायचं नाही, परत आल्यावर फोटो पाठवायचे, असा आमच्या घरचा नियम होता. नियम माझाच. शिकायला म्हणून अमेरिकेत पहिल्यांदा आलो तेव्हा मी पोचल्याचा फोन करायला विसरलो आणि रूमवर जाऊन सरळ झोपलो. उठलो तोवर अण्णांनी कुणाकुणाला गाठून थेट युनिव्हर्सिटीच्या ऑफिसपर्यंत मजल मारली होती आणि तिथल्या एक बाई माझ्या दारात उभ्या होत्या. मला इतकी लाज वाटली की मी अण्णांना फोनवर सुनावलं, इथं लोक असं करत नाहीत, मी काही कुक्कुलं बाळ नाही, पुन्हा असा तमाशा करू नका. त्यांनी पुन्हा कधीच केला नाही. त्यांनी ते इतक्या मुकाट्यानं ऐकलं याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ होती, अण्णांचा चहा झालेला होता. मी सुरुवात माफी मागितल्यासारखी केली आणि शेवट प्रेझेंटेशन दिल्यासारखा. वाटलं होतं, ते घाबरतील. ते म्हणाले, "थांब, वही आणतो."

अण्णा तीस-बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. हे मला माहीत होतं, म्हणजे बाप काय करतो हे मुलाला जितपत माहीत असतं तितपत. कुठली गाडी कितीला सुटली, कितीला यायला हवी आणि आली का, हे बघण्यात त्यांची हयात गेली. वही घेऊन बसले आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी मला सोलून काढलं. होडी कितीला सुटते? मध्ये थांबा आहे का? होडीवाला फोन उचलत नसेल तर दुसरा कुणाचा नंबर? यंत्राची बॅटरी संपली तर? आभाळ भरून आलं तर निरोप जातो का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या सात टॅबमध्ये कुठंच नव्हती. मग त्यांनी विचारलं, उशीर किती धरायचा? मी म्हणालो, मला प्रश्न कळला नाही.

"उशीर म्हणजे अपघात नव्हे," ते म्हणाले. "पण उशिराला हद्द ठरवावी लागते. घाटातली गाडी पाऊण तास मागंपुढं व्हायचीच. पाऊण तास उलटला की मी आधीच्या स्टँडला फोन लावायचो. त्याच्या आत लावला तर लोक हसतात. फार नंतर लावला तर आपलं आपल्यालाच बरं वाटत नाही."

ज्याचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून लावलंय ते काम हा माणूस एका काळ्या फोनवर आणि एका रजिस्टरवर जन्मभर करत होता, आणि मी त्याला कामाबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता. मी चांगलाच ओशाळलो. आम्ही सहा तास ठरवले. ठरल्या वेळेनंतर सहा तास निरोप नाही तर होडीवाला, तो नाही तर बेटावरच्या नर्सचा सॅटेलाइट फोन, मग इन्शुरन्सचा नंबर. त्यांनी लिहिलेलं सगळं मला परत वाचून दाखवलं.

मग म्हणाले, "झालं तुझं? आता माझं लिहून घे."

मी हसत विचारलं, तुम्ही कुठं निघालात?

"कुठं नाही. घरीच."

आणि गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं त्यांनी सांगितलं. श्रावणात एका सकाळी सहाला ते बाथरूममध्ये पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण कमरेत अशी उसण भरली की उठता येईना. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर. आठला भांडीवाली बाई आली, तिनं बेल वाजवली, आतला आवाज तिला ऐकू गेला नाही, म्हणून बाहेर गेले असतील असं समजून ती निघून गेली. साडेदहाला ते सरकत सरकत दारापर्यंत आले. त्या श्रावणात मी दर रविवारी त्यांच्याशी बोललो होतो. ते बरं आहे म्हणाले होते आणि मी पुढच्या विषयाकडे वळलो होतो.

"मला सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढलाच.

"सांगून तिथनं काय करणार होतास? आपलं काही ठरलेलंच नव्हतं," ते म्हणाले. "आता ठरवायला बसलोय, तर माझंही ठरवून टाकू."

दाराला त्यांनी आता बाहेरून उघडेल असं लॅच बसवलं होतं. आतून कडी लावायचं सोडलं होतं. रोज सकाळी सातला ते मला मेसेज करणार; आमच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, जेवणाच्या आधीची. मेसेज आला नाही तर मी फोन करायचा, उचलला नाही तर शेजारच्या काकूंना सांगायचं. त्यांच्याकडे किल्ली ठेवली होती. काकूंचा नंबर त्यांनी दोनदा सांगितला आणि माझ्याकडून एकदा म्हणून घेतला. आठ हजार मैलांवर माझ्या वडिलांच्या शेजारी कोण राहतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी मलाच शरम वाटली.

"तुमचा उशीर किती धरायचा?" मी विचारलं. तेही ऑफिसातल्या आवाजात.

अण्णांनी वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "तुझे सहा तास ठीक आहेत. तुझ्याबरोबर दोन माणसं आहेत. माझा अर्धाच तास धर."