सासऱ्यांची खुर्ची आणि माझं व्हार्निश

परवा नात व्हार्निशचा डबा घेऊन आली. म्हणाली, "आजी, तुझी आरामखुर्ची मी चकाचक करून देते. त्यात काय एवढं?" मला इतकं हसू आलं की कवळी सांभाळावी लागली. हेच वाक्य, याच खुर्चीबद्दल, याच बोरिवलीच्या घरात मी बोलले होते. नवी नवरी होते. दात सगळे शाबूत होते, अक्कल तेवढी यायची होती.

खुर्ची सासऱ्यांची. गिरणी सुटल्यावर दोन खोल्यांच्या घरात त्यांची म्हणावी अशी तेवढीच जागा. सकाळी आंघोळ, मग डोक्यावर खोबरेल थापायचं, मग खुर्चीत पेपर. माझ्याशी त्यांचे शब्द दोनच, "चहा" आणि "बरं". मला मात्र त्यांच्या तोंडून एकदा तरी "शाब्बास" ऐकायचं होतं. म्हणून ते गावच्या घराची कौलं परतायला कोकणात गेले, तेव्हा मी खुर्चीला हात घातला.

सासूबाई म्हणाल्या, "पॉलिशवाल्याक बोलव गो."

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. हे माझं तेव्हाचं आवडतं वाक्य. भात करपायच्या आधीही मी हेच म्हणायचे.

आणि व्हार्निश स्वतःच फासलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीचे पाय वाळले, चौकट वाळली. पण दोन्ही हात आणि डोकं टेकायची पट्टी गुळाच्या पाकासारखी. बोट टेकवलं की ठसा. कुणी शहाणी असती तर थांबली असती. मी वरून अजून एक थर दिला. मग टेबलफॅन लावला. तरी चिकट, म्हणून कॅरमबोर्डावर मारतात तशी अंगाला लावायची पावडर मारली. खुर्ची मुलगी बघायला आलेल्या मुलासारखी दिसायला लागली.

नवरा म्हणाला, "वाट लावलीस तू. बाबा उद्या येतायत."

"हवा दमट आहे रे. वाळेल."

बाबा सकाळी आले, आंघोळ केली, डोक्याला तेल लावलं. मी आत चहा टाकत होते. आता खुर्चीची पाळी, हे ध्यानात येऊन "बाबा, बसू नका!" म्हणत धावले, तोवर ते बसले होते. पेपर खुर्चीच्या हातावर ठेवला होता. माझ्या ओरडण्यानं दचकून उठले, तर सदरा चर्र करत सुटला आणि पेपर सुटलाच नाही. ओढला तेव्हा अर्धा त्यांच्या हातात आला, अर्धा खुर्चीवर राहिला. तोही सोलून काढला, तर खाली लाकडावर मथळा उमटलेला, उलट्या अक्षरांत. नवरा छताकडे बघत होता.

बाबांनी मथळा वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "सूनबाई, पेपर बंद कर. आता खुर्चीच छापून देते."

लग्नानंतरचं हे त्यांचं माझ्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य. मी रडायलाच लागले.

सासूबाईंनी पट्टीचा वास घेतला. "अगो, ह्यांच्या उशीचे अभ्रे मी सोड्यात उकळतंय, तरी तेल सुटत नाय. आणि तू त्याच तेलार रंग फासलंस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जिथे त्यांचं डोकं आणि तेलाचे तळवे टेकायचे, नेमकं तिथलंच वाळत नव्हतं! मी मुंबईच्या हवेला शिव्या घालत बसले होते.

बाबा म्हणाले, "रडू नको. काच आण."

फुटक्या काचेच्या धारेनं बाबांनी आणि मी गॅलरीत बसून सगळं खरवडलं. मग टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसत राहिलो, फडक्याला खोबरेलाचा वास यायचा थांबेपर्यंत. तोवर बाबा भिंतीला टेकून जमिनीवर पेपर वाचायचे, पाय अवघडले की उठून फेऱ्या मारायचे. मला पाहवत नसे. शेवटी व्हार्निश नाहीच, स्पिरिटात विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, कापडानं पातळ-पातळ लावला. बघता बघता सुकला. माझा विश्वास बसेना. आधी बोट लावलं, मग कोपर, मग गाल.

दुसऱ्या सकाळी बाबा तेल थापून खुर्चीपुढे उभे राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, दोरीवरचा टॉवेल ओढला, पट्टीवर पसरला, तळवे बनियनला पुसले आणि बसले.

आतून सासूबाई कडाडल्या, "जल्मभर सांगतंय टॉवेल घाला म्हणान, माझा कधी ऐकूक नाय!"

"चहा," बाबा म्हणाले.

"शाब्बास" काही आलं नाही. मी त्या दिवशी चहात साखर दुप्पट घातली.

हे सगळं नातीला सांगितलं. तिनं पट्टीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्या वेणीकडे बघितलं. "आजी, हे तेल कुणाचं गं?"

टॉवेल मी कधीच पसरत नाही. मला बापडीला कोण बोलणार?

"काच आण," म्हटलं.